देव घेव

आमच्या ग्रंथालयाच्या शाखा वसईपासून चांदीपपर्यंत कशा पसरल्या असं कोणी विचारलं, की मी चेहरा गंभीर करून "तत्कालीन कार्यकारिणीच्या दूरदृष्टीमुळे" असं सांगतो. स्मरणिकेत तसंच छापलंय, आणि ते मीच लिहिलंय. तत्कालीन कार्यकारिणीत मीही होतो. दूरदृष्टीचा तिथे पत्ता नव्हता. आम्हाला धक्का बसला होता, आणि त्यातून सावरून बघतो तर शाखा होऊन गेल्या होत्या.

ही गोष्ट मी घरी इतक्यांदा सांगितलीये, की "मला धक्काच बसला" हे वाक्य माझ्याआधी मुलगी म्हणून टाकते. बायको म्हणते, "यांना काय, चहात साखर कमी पडली तरी धक्का बसतो." तेही खरं आहे. पण ऐंशी सालाच्या आसपास आमच्या ग्रंथपालांनी मला जे धक्के दिले, त्यांचा साखरेशी काही संबंध नव्हता.

ग्रंथपालांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी कुठल्या शाळेत शिकवलेलं नव्हतं. उंच, पुढे झुकलेले, आणि सायकलवरून उतरल्यावरही पायजम्याच्या उजव्या पायाला लावलेली चाप काढायची नाही अशी सवय. कार्यकारिणीच्या सभेलाही ते चाप लावूनच बसत, म्हणजे आत्ता उठून जातील की काय अशी आम्हाला धास्ती. मी कचेरीत कारकून. अक्षर बरं आणि रविवारी रिकामा, एवढ्या दोन गुणांवर मला ग्रंथालयाचा सहचिटणीस केलं. माझं खरं काम इतिवृत्तात लिहिलेलं नव्हतं. आमचे अध्यक्ष वकीलसाहेब, त्यांनी मला बाजूला घेऊन ते सांगितलं होतं: "मास्तरांवर जरा लक्ष ठेव."

ग्रंथालय वसईच्या बाजारात, किराणा दुकानाच्या वरच्या माळ्यावर. पहिल्याच दिवशी मी काहीतरी चांगलं बोलायचं म्हणून म्हणालो, "मास्तर, कपाटं भरलेली काय छान दिसतात."

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "दवाखान्यातल्या खाटा भरलेल्या बघूनही तुम्हाला असंच छान वाटतं का?"

कपाटात पुस्तक दिसलं की ते खरोखर बेचैन होत. एखादं फार दिवस पडून असलं तर ते हातात घेऊन माळ्याच्या खिडकीत उभे राहत आणि खाली बाजारात कोण जातंय ते बघत. मग हाक मारत. बाजारहाट करणाऱ्या माणसाला वर बोलावून, त्याची पिशवी भरलेली असली तरी वांग्यांवर पुस्तक ठेवून देत. तो सभासद आहे की नाही हा प्रश्न नंतरचा.

पुस्तक परत करायला गेलं की त्यांचा एकच प्रश्न असे: "कुठे थांबलात?" वाचताना मान वर करून कुठे बघत बसलात, असं त्यांना विचारायचं असे. पान सांगता आलं तर पुस्तक जमा. एकदा वकीलसाहेब म्हणाले, "थांबायचं काय त्यात? सलग वाचून काढलं."

"मग वाचलं नाहीत," मास्तर म्हणाले, आणि तेच पुस्तक त्यांच्या हातात परत दिलं. संस्थेचे अध्यक्ष तेच पुस्तक काखेत मारून जिना उतरले. मी जिन्यातच उभा होतो. कुठे बघावं ते मला कळेना, म्हणून मी किराणा दुकानातल्या गुळाकडे बघितलं.

मोठी तक्रार आली ती वासाची. निवृत्त शिक्षिकाबाई होत्या एक, त्यांनी कादंबरी दोन बोटांत धरून टेबलावर ठेवली. "मास्तर, याला बोंबलाचा वास येतोय."

मास्तरांनी पुस्तक नाकाशी नेलं. "बोंबील नाही बाई, जवळा आहे. कोळीवाड्याहून आलंय."

"मग मी असं पुस्तक घरात न्यायचं?"

"तुमच्याकडून परत येतं तेव्हा याला उदबत्तीचा वास असतो. कोळीवाड्यानं अजून तक्रार केलेली नाही."

ती पुस्तकं कोळीवाड्यात जायची कशी, तर टोपल्यांतून. सकाळी वाड्यांवरून, कोळीवाड्यातून, पूर्वेच्या गावांतून बायका भरलेल्या टोपल्या घेऊन बाजारात येत आणि दुपारी रिकाम्या टोपल्या घेऊन परत जात. रिकामी टोपली जाताना मास्तरांना बघवत नसे. एकदा मी बाजारातून चाललो होतो, तर मासळीवाली मावशी टोपलीपाशी वाकलेल्या मास्तरांवर ओरडत होती, "मास्तरा, वर ठेव, वर. खाली बर्फाचं पानी हाय." आणि मास्तर तिच्या टोपलीत केळीचं पान अंथरून त्यावर चरित्रग्रंथ रचत होते. मी तसाच पुढे निघून गेलो. लक्ष ठेवायचं म्हणजे सगळंच बघायचं असं कुठे आहे.

पुढे पश्चिमेच्या एका ख्रिस्ती वाडीत, केळी आणि पानवेलींच्या मध्ये, एका घराच्या ओटीवर त्यांनी पुस्तकांचं केंद्र उघडलं. कार्यकारिणीला विचारून नाही, हे सांगायला नकोच. पाटी मात्र रीतसर रंगवून घेतली: 'पुस्तक देवघेव केंद्र'. फळीला नेमकी मध्ये एक चीर होती. रंगाऱ्यानं तेवढी जागा सोडून रंगवलं आणि पाटीवर आलं 'देव घेव'.

त्या घरच्या आजींना सगळे बाय म्हणत. लाल चौकड्यांचं लुगडं, कानात जड सोनं, आणि देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, धर्मप्रश्नोत्तरांच्या पुस्तकावर शिकलेलं वाचन, म्हणजे बोट ठेवून एकेक अक्षर. त्यांनी पाटीवर बोट फिरवलं आणि दुसऱ्या दिवशी ती पाटी केळ्यांच्या गाडीतून आमच्याकडे परत आली. सोबत निरोप होता: आमच्याकडे देव आहे, दुसरा घ्यायचा नाही.

आता फादर येणार, पंच येणार, दोन्हीकडच्या सभा होणार, असं सगळं मला दिसायला लागलं. मी म्हटलं, कार्यकारिणीतर्फे माफीपत्र लिहितो. मास्तर पाटी सायकलला बांधून निघालेसुद्धा. मी मागून दुसऱ्या सायकलवर.

बाय ओटीवर वाल सोलत होत्या. घरात त्या आपल्या बोलीत बोलत, आमच्यासाठी ती अर्धी बाजारच्या मराठीत आणत. मास्तर समोर उकिडवे बसले. "बाय, देव म्हणजे देणं, घेव म्हणजे घेणं. तुम्ही पुस्तक द्यायचं, दुसरं घ्यायचं."

बायनी विचार केला. "म्हणजे वाटीसारखं."

"कसली वाटी?"

"शेजारणीनं वाटीतून सार धाडलं तर वाटी रिकामी परत धाडतो काय आपण? काय तरी घालून धाडतो. लाज असते ना." वाल सोलता सोलता त्यांनी मास्तरांकडे बोट केलं. "मग तू पुस्तक न्यायला येशील तर रिकाम्या हातान यायचं नाय. एक आणशील तर एक नेशील. माझ्या घराचा कोनाडा मोकळा ठेवून जायचं नाय."

मास्तर उठले. मग त्यांनी पाटी परत टांगली आणि खाली कोळशानं लिहिलं, 'रिकाम्या हाताने येऊ नये'. मी म्हटलं, ती मधली फट तरी बुजवू. म्हणाले, "राहू दे. फट नसती तर बाय बोलल्या असत्या का?"

वाटीचा हा कायदा त्यांनी सगळीकडे पोचवला. कोळीवाड्यात पोचवला, चांदीपला भातशेतीवाल्यांच्या घरांत पोचवला. तुळिंजला तेव्हा नव्या चाळी उठत होत्या, माणसं येऊन राहिली होती आणि पाणी यायचं होतं. तिथे टँकरच्या रांगेत, हंड्यांच्या मागे हंडे, आणि हंड्यावर हंडा तसं हंड्यावर पुस्तक. बायका एकमेकींना पुस्तक देत, एकमेकींकडून घेत, आणि टँकर आला की पुस्तक दातांत धरून हंडा लावत. हे मी डोळ्यांनी बघितलंय. दातांचे ठसे असलेलं पुस्तक मास्तरांनी मला कौतुकानं दाखवलं होतं.

अशात ग्रंथालयाची जागा गेली. मालकानं घर बिल्डरला विकलं. नव्या इमारतीत तळमजल्यावर आम्हाला हॉल मिळणार होता, पण इमारत उभी राहायला वर्ष-दोन वर्षं. तोवर पुस्तकं गोणपाटात भरून भातगिरणीच्या मागच्या गोदामात ठेवायची, असा वकीलसाहेबांनी ठराव मांडला. सगळ्यांनी हात वर केले.

"गोदाम गळतं का?" मास्तरांनी विचारलं.

"पावसाळ्यात थोडंफार. गोण्या मध्यभागी रचू," वकीलसाहेब म्हणाले.

मास्तर पुढे काही बोलले नाहीत. त्याच वेळी मला संशय यायला हवा होता. वाद न घालणारे मास्तर मी त्याआधी पाहिले नव्हते.

हलवाहलवीच्या दिवशी मी सकाळी हातगाड्या, हमाल आणि गोण्यांचा ढीग घेऊन पोचलो. जिना चढलो. सगळ्या कपाटांची दारं सताड उघडी. आत काही नाही. फळ्यांवर अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्रांवर पुस्तकांच्या आकाराचे स्वच्छ चौकोन, बाकी धूळ. मास्तर स्टुलावर उभे राहून ओल्या फडक्यानं वरची फळी पुसत होते.

"मास्तर."

"या. दरवाज्यातली फळी हललीये, जपून."

"पुस्तकं कुठेयत?"

"बाहेर गेली."

"बाहेर म्हणजे?"

"बाहेर म्हणजे काय. वाचायला."

माझ्या मागे जिन्यात हमाल उभे होते. त्यातला पुढचा म्हणाला, "साहेब, मग आम्ही काय उचलायचं?" मी गोण्यांच्या ढिगावर बसलो. माझा चेहरा बघून हमालानं मला तांब्या आणून दिला.

वकीलसाहेब आले. उघडी असलेली कपाटं त्यांनी पुन्हा एकदा उघडून बघितली. मग अगदी शांतपणे म्हणाले, "विकली. रद्दीत घातली."

"गोदामात ओली झाली असती," मास्तर म्हणाले.

"एवढी पुस्तकं एवढ्या थोड्या दिवसांत वाचायला जातात? कोणाला सांगताय? रविवारपर्यंत पुस्तकं दाखवा. नाहीतर सोमवारी फौजदारी. अफरातफर आहे ही. आत जाल मास्तर." ते धमकी देणाऱ्यांतले नव्हते. बोलत ते करत.

त्याच संध्याकाळी त्यांनी ओळखीच्या हवालदाराला घेऊन मास्तरांचं घर गाठलं. मला साक्षीदार म्हणून नेलं. वहिनींनी दार उघडलं आणि टोपी बघून त्या भिंतीला टेकल्या. शेजारची माणसं ओट्यावर येऊन उभी राहिली. दोन खोल्यांचं घर, बघायला फार वेळ लागला नाही. मला वाटलं होतं, निदान इथे पुस्तकांचे ढीग असतील. घरात एक पुस्तक नव्हतं. पंचांगसुद्धा नव्हतं. हा धक्का मला कपाटांपेक्षा मोठा होता.

"बघा," वकीलसाहेब म्हणाले. "ज्याला पुस्तकाचं प्रेम त्याच्या घरात एक पुस्तक नाही. हा विकणाराच माणूस."

"माझी पोथी होती ना," वहिनी हळूच म्हणाल्या. "माहेरून आणलेली. ती पण हे तुळिंजच्या रांगेत कोणा बाईला देऊन आले. आता गुरुवारी आठवेल तेवढं म्हणते." मग माझ्याकडे वळून, "भाऊजी, खरंच आत टाकतील का हो यांना?"

हवालदार मास्तरांच्या जवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मास्तर, त्या कादंबरीचा दुसरा भाग कोणाकडे गेला?"

"चांदीपला," मास्तर म्हणाले.

पुस्तकं परत आणायचं काम माझ्यावर आलं. कोणाकोणाला दिली ते तरी सांगा, असं मी मास्तरांना विनवलं. म्हणाले, "टोपल्यांत घातली. टोपल्या कुठे जातात ते तुम्हाला माहीत आहे."

मी सायकलला रिकामी गोणी लावून आधी वाडीत गेलो. बायनी मला जेवू घातलं. मग मी विषय काढला.

"बदली काय आणलंस?"

"बाय, बदली काही नाही. सगळीच परत न्यायचीत."

"पाटी वाच."

"बाय, पुस्तकं मिळाली नाहीत तर मास्तरांना तुरुंगात घालतील."

"मग तर नायच देणार. त्यान सांभाळायला दिलंय. आज तू येशील, उद्या दुसरा येल, मी देत बसू?" आणि रिकामी गोणी घरातून जायला नको म्हणून त्यांनी तिच्यात केळ्यांची फणी घातली.

कोळीवाड्यात पुस्तकं जुन्या जाळ्यात भरून आढ्याला टांगली होती. उंदीर लागू नये म्हणून. मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मास्तर सोता आला तरी बदलीबिगर नाय देनार. तुमी कोन?" मी सहचिटणीस असल्याचं सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं आणि मला सुके बोंबील दिले. चांदीपला पुस्तकं माळ्यावर भाताच्या कणगीशेजारी. तिथला शेतकरी दादा फार अदबीनं बोलला, पण माळ्याची शिडी काढून घेतली. तिथून मला काकड्या मिळाल्या.

ती गोणी मी वकीलसाहेबांसमोर उपडी केली. "साहेब, पुस्तकं आहेत. सगळी आहेत. मी डोळ्यांनी पाहिली."

वकीलसाहेबांनी केळी बघितली, काकड्या बघितल्या, बोंबील लांबूनच बघितले. "तुला यांनी भाजीवर गप्प केलं," ते म्हणाले.

रविवारी ते स्वतः निघाले. टांगा केला. मास्तरांना बरोबर घेतलं, मला घेतलं, आणि बगलेत फौजदारी कायद्याचं जाड पुस्तक. कायदा काय आहे तो त्या बाईला वाचूनच दाखवतो, म्हणाले. मास्तरांच्या पायाला चाप होती.

बाय ओटीवरच होत्या. वकीलसाहेब खुर्चीत बसले, चष्मा लावला, आणि दुसऱ्याची वस्तू दडवून ठेवणं म्हणजे काय आणि त्याला शिक्षा काय, ते कलम मोठ्यानं वाचलं. बायनी मन लावून ऐकलं.

"परत वाच," त्या म्हणाल्या.

त्यांनी परत वाचलं.

"शेवटी त्या माणसाचं काय होतं?"

"कैद होते."

"आन मग?"

"मग काही नाही. कलम संपलं."

"असं कसं संपलं? त्याची बायको-पोरं असतील. पुढं वाचायला लागंल." बायनी हात पुढे केला, वकीलसाहेबांच्या हातातून पुस्तक घेतलं आणि आत गेल्या. पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या त्या दुसरं पुस्तक घेऊन. "एक आणलंस, एक नेशील. रिकाम्या हातान आला नाय, चांगला माणूस आहेस."

"अहो बाई, ते माझं धंद्याचं पुस्तक आहे."

मागून त्यांचा मुलगा म्हणाला, "आई, वकीलसाहेबांचं ते, दे परत."

"वकील शिकलेला हाय. दुसरं वाचील."

वकीलसाहेबांनी हातातल्या पुस्तकाकडे बघितलं. त्याला लाल चौकड्यांच्या कापडाचं कव्हर शिवलेलं होतं. उघडलं तर पहिल्या पानावर आमच्या ग्रंथालयाचा शिक्का. गाईम्हशींच्या आजारांवरचं पुस्तक होतं. ते उठून दारापर्यंत गेले आणि आत डोकावले. मीही त्यांच्या खांद्यावरून बघितलं. लग्नातली मोठी पेटी, तिच्यात काठोकाठ पुस्तकं, आणि एकूणएक पुस्तकाला तेच लाल कापड. बायनी आपली जुनी लुगडी फाडली होती.

"वाडीत ओल फार," बाय म्हणाल्या. "कापड असलं म्हणजे बरं."

वकीलसाहेबांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग ते घेऊन टांग्यात येऊन बसले. आम्ही निघालो. वाडीच्या बाहेर आल्यावर ते मास्तरांना म्हणाले, "आधी मला विचारायला काय झालं होतं?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"अर्थात."

"नाही म्हटल्यावर नेली असती तर ती चोरी. विचारलंच नाही, म्हणून ती देवघेव."

असं कायद्यात बसतं का ते बघायला वकीलसाहेबांनी सवयीनं मांडीवरचं पुस्तक उघडलं. त्यात म्हशीच्या पोटफुगीवर उपाय होता. त्यांनी तो वाचला. मग मला म्हणाले, "गोदामाचा ठराव खोड. लिही, पुस्तकं शाखांकडे पाठवली."

"साहेब, आपल्याला शाखा कुठे आहेत?"

"आहेत. मी आत्ता एक बघून आलो."

मी खिशातून पेन्सिल काढली. एवढ्यात मास्तर टांगेवाल्याला म्हणाले, "जरा थांबव रे." टांगा थांबायच्या आधीच ते उतरले, रस्त्याकडेच्या बांधापर्यंत चालत गेले आणि खाली बसले. मला वाटलं, लघवीला गेले असतील. जवळ जाऊन बघतो तर त्यांचे दोन्ही हात थडथड उडत होते. कपाटं रिकामी करताना, हवालदारासमोर, शेजाऱ्यांसमोर, त्या सबंध आठवड्यात न हललेला माणूस. मी म्हटलं, "मास्तर, काय होतंय? दुखतंय का कुठे?"

"काही नाही," ते म्हणाले. "आत्ता भीती वाटली."

वकीलसाहेब टांग्यातून उतरले. त्यांनी कोट सावरला, बांधावरचं गवत हातानं झटकलं आणि मास्तरांच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लागेल असे बसले. टांगेवाला दोनदा खाकरला. त्याच्याकडे कोणी बघितलं नाही, तेव्हा त्यानं घोड्याला चरायला सोडलं.